सी-अर्चिनच्या अंड्यातून निघालेलं औषध

पाल्बोसायक्लिब ही गोळी आज पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या अनेक रुग्णांना दिली जाते. तिचं मूळ शोधायला निघालं, तर ते कॅन्सर रुग्णालयात नाही, समुद्रकाठी सापडतं. सी-अर्चिन या काटेरी जीवाच्या अंड्यांत.

१९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फलित अंड्यांत प्रथिनं कशी तयार होतात ते पाहत होते. अंड्यांना प्रथिनांचा घटक असलेलं किरणोत्सारी मेथिओनिन द्यायचं, थोड्या थोड्या वेळाने नमुने काढायचे, जेलवर प्रथिनं वेगळी करायची आणि फिल्मवर उमटलेले काळे पट्टे बघायचे. बहुतेक पट्टे गडद होत गेले. एक मात्र गडद होऊन पेशी दुभंगायच्या सुमारास विरला आणि पुढच्या फेरीत पुन्हा उमटला. त्या पट्ट्यातल्या प्रथिनाचं नाव पडलं सायक्लिन.

यीस्टवर काम करणारे लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स तोवर पेशीचक्र चालवणाऱ्या जनुकांपर्यंत पोचले होते. नर्स यांच्या जनुकातून बनणारं एन्झाइम सायक्लिनची जोड मिळाल्याशिवाय कामाला लागत नाही, हे पुढे कळलं. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

सायक्लिनची स्तनकर्करोगाशी गाठ पडली ती १९९१ मध्ये. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या साध्या गाठींत सायक्लिनचं एक भावंड, डी१, सापडलं. त्याचं जनुक निघालं अकराव्या गुणसूत्रावर, नेमक्या त्या भागात ज्याच्या जादा प्रती स्तनाच्या काही गाठींत आधीच दिसल्या होत्या.

आरबी नावाचं प्रथिन पेशीला डीएनएची नक्कल करण्यापासून अडवून धरतं. सायक्लिन डी१ हे नर्स यांच्या एन्झाइमाच्याच कुळातल्या सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांना जागं करतं, ती आरबीवर फॉस्फेट चिकटवतात आणि त्याची पकड सुटते. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे डी१ वाढतं. म्हणूनच इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठींत हा रस्ता सताड उघडा असतो.

पाल्बोसायक्लिब सीडीके४ आणि ६ यांनाच रोखतं. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत रिचर्ड फिन आणि डेनिस स्लेमन यांनी ते स्तनकर्करोगाच्या अनेक पेशीवंशांवर तपासलं. सर्वाधिक दबल्या त्या इस्ट्रोजेन-ग्राही पेशी. मग १६५ स्त्रियांवर चाचणी झाली. इस्ट्रोजेन घटवणाऱ्या नुसत्या लेट्रोझोलवर आजार मध्यक हिशोबाने १०.२ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही औषधांवर २०.२ महिने. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

अस्थिमज्जेतल्या पेशींनाही हीच एन्झाइमं लागतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. शिवाय ही गोळी मुख्यतः पेशीचं विभाजन थोपवते, आणि गाठीने आरबीच गमावलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. काही पेशी सीडीके२ च्या आडवाटेने निसटतात. आता त्यालाच रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, आणि हे सीडीके२ सुद्धा सायक्लिनच्याच जोडीने चालतं.