एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स : डिस्कला कुलूप लावण्याआधी किल्ली सांभाळा

नागपुरात इंजिनिअरिंग, बीसीए किंवा पॉलिटेक्निक करणारं मूल ज्या घरात आहे, तिथे एक गोष्ट हमखास दिसते. लॅपटॉप एकच, पण त्यात विंडोजही असतं आणि लिनक्सही. अब्बांच्या दुकानाचा हिशेब टॅलीत आहे म्हणून विंडोज हवं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लिनक्स हवं. लॅपटॉप सुरू करताना जे हवं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर शेजारी लिनक्स टाकून बघावं असं वाटणारेही आहेत.

आता त्याच लॅपटॉपमध्ये काय काय साठलंय ते बघा. घरातल्या सगळ्यांचे आधार आणि पॅन, निकाहनामा, शाळेचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, हजच्या अर्जासाठी स्कॅन केलेले पासपोर्ट. मोहल्ल्यात स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देणाऱ्या मुलाकडे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही कागद असतात. २०२५ मध्ये उमीद पोर्टलवर वक्फ मालमत्तांची माहिती चढवायची होती, तेव्हा मशिदी आणि कब्रस्तानांचे कागदही कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर स्कॅन झाले. ही लोकांची अमानत आहे. लॅपटॉप विदर्भ एक्स्प्रेसमध्ये राहून गेला किंवा दुरुस्तीला दिलेल्या दुकानातून परतच आला नाही, तर या कागदांचं काय होणार, हा खरा प्रश्न आहे.

विंडोजचा पासवर्ड का पुरत नाही?

पासवर्ड फक्त विंडोजच्या दारावर असतो. मागचे चार-सहा स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळ्या फाइल्स समोर. डिस्क काढायचीही गरज नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं तरी तेच होतं. ड्युअल बूटमध्ये तर लिनक्स आधीपासूनच आत बसलेलं असतं. विंडोजची बाजू एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर लिनक्समधून विंडोजचा पासवर्ड न देताच त्या फाइल्स उघडतात.

एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवर लिहिलं जाणारं सगळं गुप्त रूपात लिहिणं. किल्लीशिवाय ते वाचता येत नाही. पण ड्युअल बूटमध्ये दोन खोल्या आहेत आणि दोन्हींना वेगळं कुलूप लागतं. एकीला लावून दुसरी उघडी ठेवली, तर उघड्या खोलीत ठेवलेलं सगळं उघडंच राहतं.

दोन कुलपं

विंडोजचं कुलूप म्हणजे बिटलॉकर. प्रो आवृत्तीत ते पूर्ण मिळतं. होम आवृत्तीत त्याचंच साधं रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असतं. त्याची किल्ली साधारणपणे लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये राहते. सुरू होण्याची पद्धत नेहमीसारखी आहे हे तपासून चिप स्वतःच कुलूप उघडते, म्हणून आपल्याला ते जाणवतही नाही.

लिनक्सचं कुलूप म्हणजे लक्स. इथे लॅपटॉप सुरू करताना दर वेळी आपल्यालाच परवलीचं वाक्य टाइप करावं लागतं. ते विसरलं तर परत मिळवण्याचा कुठलाही मार्ग नाही.

सगळ्यात आधी ४८ आकडी किल्ली

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने रात्री लिनक्स टाकलं. सकाळी अब्बांनी हिशेबासाठी लॅपटॉप सुरू केला, तर निळ्या पडद्यावर ‘रिकव्हरी की’ द्या असं लिहून आलेलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं की डिस्कला कुलूप आहे. त्यांनी ते लावलंच नव्हतं. ते आपोआप लागलं होतं.

हे कसं होतं? विंडोज ११ ची २०२४ मधली २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. पुढे लिनक्स टाकताना सिक्युअर बूट बंद केलं किंवा सुरू होण्याचा क्रम बदलला, की टीपीएम चिपला संशय येतो आणि ती किल्ली द्यायला नकार देते. मग ४८ आकडी रिकव्हरी की हाच एक रस्ता उरतो.

ही की कुठे असते? ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात. त्या घरी लॅपटॉप दुकानातूनच ‘तयार करून’ आला होता आणि कुठला ईमेल टाकला होता हे कुणाला आठवत नव्हतं. नशिबाने अम्मीच्या जुन्या मोबाइलवर ते खाते सापडलं आणि आठ महिन्यांचा हिशेब वाचला. प्रत्येकाचं नशीब असं साथ देत नाही.

म्हणून लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवायच्या आधी हे तीन तपासा :

- सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू आहे का? प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर बघा.
- ब्राउझरमध्ये आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसेसच्या पानावर बिटलॉकरची की दिसते का ते बघा. लॅपटॉपला कॉलेजचं खाते जोडलं असेल, तर की कॉलेजच्या यंत्रणेकडे असू शकते. कॉलेज सुटण्याआधी ती मागून घ्या.
- ते ४८ आकडे कागदावर लिहा, दुसऱ्याकडून वाचून पडताळून घ्या आणि घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा. फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलात तर काहीच उपयोग नाही. किल्ली पेटीच्या आत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखं होईल.

क्रमाने काय करायचं?

१. महत्त्वाच्या सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी उघडते का तेही बघा.

२. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्समधून त्या भागात काही लिहिलं, तर फाइल्स बिघडू शकतात.

३. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून मोकळी जागा काढा. हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडू नका. बिटलॉकर चालू असतानाही विंडोजला ते जमतं.

४. सिक्युअर बूट चालूच ठेवा. उबंटू आणि फेडोरा दोन्ही त्यासोबत चालतात.

५. लिनक्स त्या मोकळ्या जागेतच टाका आणि इन्स्टॉलरमध्ये एन्क्रिप्शनची खूण करा. फेडोरात हे सोपं आहे. मात्र खालचा इशारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. काही इन्स्टॉलर ‘आधी बिटलॉकर बंद करा’ म्हणून अडून बसतात. तसं झालं तर विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. याला काही तासही लागू शकतात. चार्जर लावून ठेवा. उन्हाळ्यात वीज जाते त्या वेळेला हे काम काढू नका. लिनक्स बसल्यावर बिटलॉकर परत चालू करायला विसरू नका. चालू केल्यावर रिकव्हरी की नवी येते, कपाटातला जुना कागद मग चालत नाही. नवा लिहून जुना फाडून टाका.

७. दोन्ही बाजू दोन-तीनदा सुरू करून बघा. त्यानंतरच बाहेरच्या डिस्कवरची कॉपी बाजूला ठेवा.

इशारा : ‘इरेज डिस्क’

उबंटू २४.०४ आणि लिनक्स मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये एन्क्रिप्शनचा सोपा पर्याय ‘इरेज डिस्क’ सोबतच येतो. म्हणजे संपूर्ण डिस्क पुसायची आणि मग कुलूप लावायचं. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं असेल, तर तो पर्याय तिथे सरळ मिळत नाही. सुरक्षिततेच्या चांगल्या हेतूने मूल ती खूण करतं आणि पाच मिनिटांत अब्बांचं विंडोज, हिशेब, फोटो सगळं जातं. पडद्यावर ‘इरेज’ हा शब्द दिसला की हात थांबवा. उबंटू २५.०४ पासून इन्स्टॉलर या बाबतीत सुधारला आहे. तरीही शेवटचं बटण दाबण्याआधी कुठला भाग बदलणार आहे ती यादी वाचाच.

रोजच्या वापरात

लिनक्सच्या ग्रब मेनूतून विंडोज निवडलं, तर काही लॅपटॉपवर बिटलॉकर पुन्हा रिकव्हरी की मागतं, कारण मधल्या दारातून आल्याचं चिपला कळतं. उपाय सोपा आहे. विंडोज हवं असेल तेव्हा लॅपटॉप सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून कंपनीचा बूट मेनू उघडा आणि तिथून थेट विंडोज निवडा. बटण कंपनीप्रमाणे वेगळं असतं. बायोस अपडेट करण्याआधीही कपाटातला कागद जवळ घेऊन बसा.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइल्सचं काय? लिनक्सला बिटलॉकरचा भाग रिकव्हरी की देऊन उघडता येतो, पण विंडोजला लक्स मुळातून वाचता येत नाही. त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन वापरा. ते एका फाइलची तिजोरी बनवतं आणि ती दोन्हीकडे उघडते. ज्यांच्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शनचा पर्यायच दिसत नाही, त्यांनीही निदान लोकांचे कागद या तिजोरीत ठेवावेत.

परवलीचं वाक्य कसं असावं?

मुलाचं नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर किंवा ७८६ हे ओळखीतला कुणीही आधी टाकून बघेल. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. शब्द मराठी किंवा उर्दू चालतील, पण टाइप इंग्रजी अक्षरांतच करा. सुरू होताना दिसणाऱ्या त्या पडद्यावर बहुधा इंग्रजी कीबोर्डच असतो. लक्समध्ये एकापेक्षा जास्त वाक्यं ठेवता येतात. दुसरं वाक्य घरातल्या भरवशाच्या माणसासाठी ठेवा आणि तेही कागदावर लिहून कपाटात ठेवा.

हे कुलूप कशापासून वाचवत नाही?

लॅपटॉप बंद असेल तेव्हाच हे कुलूप लागलेलं असतं. चालू लॅपटॉपवर किल्ली आधीच फिरलेली असते. त्या वेळी ईमेलमधून मालवेअर शिरलं, तर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही. याचं मोठं उदाहरण नागपूरचंच आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरमध्ये ईमेलद्वारे मालवेअर घुसवून बाहेरून फाइल्स ठेवल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही आणि त्यावर निवाडा कोर्टानेच करायचा आहे. आपल्यापुरता धडा एवढाच : अनोळखी अटॅचमेंट उघडू नका आणि प्रवासात लॅपटॉप नुसता झाकण लावून न ठेवता पूर्ण बंद करा.

कुलूप बॅकअपची जागाही घेत नाही. डिस्क बिघडली तर एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स परत मिळवणं आणखी कठीण होतं.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*लॅपटॉप हळू होईल का?* अलीकडच्या प्रोसेसरमध्ये या कामाची सोय आधीच असते, त्यामुळे रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. खूप जुन्या मशीनवर थोडा जाणवेल.

*दुरुस्तीला देताना पासवर्ड द्यावा का?* पडदा, बॅटरी किंवा कीबोर्ड बदलायला त्याची गरज नसते. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. परवलीचं वाक्य सांगावंच लागलं, तर घरी आल्यावर लगेच बदला.

हे सगळं काम एका सुट्टीच्या दिवसात होतं. लॅपटॉप मुलाच्या हाती असला तरी कपाटातल्या त्या कागदाची जागा अम्मी-अब्बा दोघांनाही माहीत असू द्या. आज संध्याकाळी फक्त पहिलं पाऊल उचला : सेटिंग्ज उघडून तुमच्या डिस्कला कुलूप आहे का आणि असेल तर त्याची किल्ली कुठे आहे, एवढं शोधा.