वरळीचा बांध आणि मधले पाणी

गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने १६६६ च्या जानेवारीत आपल्या राजाला एक पत्र लिहिले. सूर तक्रारीचा आहे. मुंबईचे बेट इंग्रजांच्या हवाली करून अकरा महिने होत आले होते, आणि ताबा घेणाऱ्या हंफ्री कूकने तेवढ्यावर न थांबता माहीमही बळकावले होते. व्हाइसरॉयचे म्हणणे, माहीम हे मुंबईपासून अंतरावर असलेले निराळे बेट आहे. सोबत नकाशा जोडतो, तो पाहावा. कूकचे उत्तर सोपे होते: ओहोटीला मुंबईहून माहीमला पायी जाता येते, मग ते वेगळे कसे? यावर व्हाइसरॉय राजाला सावध करतो. हे मान्य केले तर उत्तरेकडची बाकीची बेटेही राखता येणार नाहीत, कारण ओहोटीला मुंबईहून साष्टीलाही चालत जाता येते.

भांडण हद्दीचे आहे, पण इतिहासाला त्यातून भूगोल मिळतो. दोन्ही पक्षांचे हितसंबंध उलट होते, तरी एका गोष्टीवर त्यांचा वाद नव्हता: भरतीला जिथे पाणी असते तिथे ओहोटीला माणूस चालू शकतो. शत्रूंनी एकमताने मान्य केलेली गोष्ट हा इतिहासकाराच्या हाती येणारा सर्वांत भक्कम पुरावा.

याच्या आधीचा कागद १८ फेब्रुवारी १६६५ च्या ताब्याचा. जून १६६१ मध्ये इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला होता आणि त्यातल्या एका कलमाने मुंबई आंदण गेली होती. प्रत्यक्ष ताबा मिळायला मात्र साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. ताबेपत्रात मुंबई हे एक बंदर आणि एक बेट आहे, आणि माझगाव, परळ, वरळी ही त्या बेटाच्या हद्दीत मोडणारी गावे आहेत. हे वाचताना थबकायला होते, कारण शाळेत आपण माझगाव, परळ आणि वरळी ही तीन स्वतंत्र बेटे म्हणून पाठ केलेली असतात. कागदावर सह्या करणाऱ्यांना ती एकाच बेटावरची तीन गावे वाटत होती.

मग मधले पाणी काय होते?

जमिनीची ठेवण पाहिली की उलगडा होऊ लागतो. मुंबईत खडकाच्या दोन रांगा साधारण दक्षिणोत्तर गेल्या आहेत. पश्चिमेची रांग वरळीच्या टेकडीपासून मलबार हिलकडे. पूर्वेची शीवपासून शिवडी, माझगावकडे आणि पुढे कुलाब्याकडे. या दोहोंमध्ये एक लांबट, सखल खोलगट भाग. उत्तरेला माहीमची खाडी, आणि पश्चिमेची भिंत वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये तुटलेली. या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे, आतल्या सखल भागात पसरे आणि ओहोटीला पुष्कळसे परत जाई. इंग्रजी कागदांत या तोंडाला ‘ग्रेट ब्रीच’ म्हणजे मोठे खिंडार म्हणतात. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर हे खाजण होते: समुद्राशी एका-दोन तोंडांनी जोडलेले, आत उथळ, खारट, चिखलाचे. बेटाबेटांमधला खोल समुद्र तो नव्हता.

किनारा नेहमी असाच होता असेही नाही. १८७० च्या दशकाच्या शेवटी प्रिन्सेस डॉक खोदताना पूर्व किनाऱ्यावर चिखलाखाली एक जंगल सापडले. मुळे जमिनीत, बुंधे उभे, आणि झाडे बहुतांश खैराची. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. म्हणजे ती जमीन कधीतरी कोरडी होती आणि नंतर खाली बसली. वरळीच्या टेकडीतले दगड याहूनही जुनी गोष्ट सांगतात. लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या तिथल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले. त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये केले. बेडूक आहेत म्हणजे पाणी गोडे. खाऱ्या खाजणाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टेकडीच्या पोटात एक गोड्या पाण्याचे तळे दडलेले आहे! इथे कागद संपतात आणि दगड बोलतात, म्हणून पुन्हा कागदांकडे वळतो.

१६७३ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईत उतरला. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये छापून निघाले. बेटाच्या मध्यावर चाळीस हजार एकर चांगली जमीन पाण्याखाली आहे आणि तिथे खाऱ्या झुडपांखेरीज काही उगवत नाही, असे तो लिहितो. हा आकडा नंतरच्या पुष्कळ लेखकांनी जसाच्या तसा उचलला. जरा हिशेब करून पाहावा. एकोणिसाव्या शतकात, बरीच भरणी झाल्यानंतर, मुंबई बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मैल भरले. म्हणजे १४ हजार एकरांच्या आसपास. अख्खे बेट चौदा हजार एकरांचे असताना त्याच्या मधोमध चाळीस हजार एकर बुडणार कसे? फ्रायर खोटे बोलतो आहे असे नाही. बेट मोजण्याच्या भानगडीत तो पडला नाही, एवढेच. त्याचा आकडा टाकून द्यावा, निरीक्षण ठेवावे: बेटाच्या पोटात मोठा, नापीक, खारा चिखल होता.

त्याच परिच्छेदातली दुसरी नोंद मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते. या चिखलावरून परळपासून माहीमकडे जाणाऱ्या दगडी वाटेचे भग्नावशेष त्याने पाहिले आणि ती वाट लोकांनी प्रायश्चित्त म्हणून बांधली होती असे ऐकले. म्हणजे पोर्तुगीज अमलात पाद्र्यांनी पापक्षालनासाठी माणसांकडून दगड वाहवून घेतले असावेत. इंग्रजांचा बांध घालायचा विचार व्हायच्या आधीच या चिखलावर कोणीतरी वाट घातली होती आणि ती मोडूनही गेली होती. ज्यांच्या पाठीवरून ते दगड आले, त्यांची नावे अर्थातच कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता मुंबईकरांना तोंडपाठ असलेल्या गोष्टीकडे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीने (कारकीर्द १७७१ ते १७८४) महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले खिंडार बुजवायचे ठरवले. खर्चाचा अंदाज लाखभर रुपये. लंडनच्या संचालकांनी नकार दिला. हॉर्नबीने तरी १७८२ मध्ये काम सुरू केले. त्याला बडतर्फ केल्याचे पत्र आले तेव्हा बांध पुरा झाला होता. काही कथनांत ते पत्र तो स्वतःच फोडतो आणि खिशात घालतो. या गोष्टीला एक मराठी जोडही आहे. बांध घातला की भरतीने फुटे, पुन्हा घातला की पुन्हा फुटे. तेव्हा कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभूच्या स्वप्नात महालक्ष्मी आली आणि ‘खाडीत बुडालेल्या आमच्या मूर्ती आधी बाहेर काढा’ म्हणाली. मूर्ती निघाल्या, बांध टिकला, देऊळ उभे राहिले. आजचे देऊळ मात्र १८३१ मध्ये धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने बांधल्याचे सांगतात.

काळाच्या दृष्टीने हॉर्नबीची गोष्ट संभवनीय आहे. १७७९ च्या वडगावच्या तहाने मुंबईकर इंग्रजांची नाचक्की झाली होती, मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि लढाईत तिजोरी रिकामी झाली होती. अशा वेळी लंडनने चिखल बुजवायला लाख रुपये नाकारणे अगदी स्वाभाविक. पण संभवनीय आणि सिद्ध यांच्यामध्येही एक खिंडार असते, आणि ते गोष्टीच्या गोडीने बुजत नाही.

अडचण जॉन हेन्री ग्रोजच्या पुस्तकात आहे. ग्रोज १७५० मध्ये मुंबईत आला, त्याचे प्रवासवर्णन १७५७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईची हवा पूर्वीइतकी जीवघेणी का राहिली नाही याची कारणे तो देतो आणि त्यांत समुद्र बांधाने मागे हटवल्याचाही समावेश करतो. लगेच तो एक शंका जोडतो: ब्रीचच्या आतल्या बाजूस खारे पाणी अजून पुष्कळ आहे, ब्रीच बांधल्यापासून त्याचा समुद्राशी येण्याजाण्याचा संबंध पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही, त्यामुळे ते साचून कुजण्याची भीती उलट वाढली आहे.

हे छापले गेले तेव्हा हॉर्नबी गव्हर्नर व्हायला चौदा वर्षे होती. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यालाच खिंडाराच्या तोंडाशी बांध होता. तो पाझरत होता, पाणी पुरते अडवत नव्हता, पण होता. इतिहासकार टिम रायडिंग यांनी १६६१ ते १७२८ या काळातली कंपनीची कागदपत्रे तपासून दाखवले आहे की समुद्र हटवण्याची खटपट सतराव्या शतकापासूनच चालू होती आणि इंग्रज मुंबईकडे सुरुवातीपासून एकच बेट म्हणून पाहत होते. मग हॉर्नबीच्या वाट्याला काय उरते? माझ्या मते, जुना, फुटका बांध पक्का करून त्यावरून बारमाही रस्ता नेण्याचे काम. ते लहान नव्हे. पण एका बहाद्दर साहेबाने दोन वर्षांत समुद्र हटवला ही गोष्ट शंभर वर्षांच्या बांधबंदिस्तीवर पांघरूण घालते. गंमत अशी की पुन्हा पुन्हा फुटणारा बांध रामजी शिवजीच्या दंतकथेने नीट लक्षात ठेवला आहे. या एका बाबतीत स्वप्नाची गोष्ट बडतर्फीच्या पत्रापेक्षा कागदांच्या अधिक जवळ जाते.

सात बेटांचे काय? टॉलेमीने दुसऱ्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘हेप्टानेसिया’ म्हणजे सात बेटे नोंदली. हाच टॉलेमी ‘नासिक’ही नोंदवतो, म्हणून आम्हा नाशिककरांना त्याचे थोडे कौतुक असते. पण त्याचे अक्षांश-रेखांश कोकणच्या किनाऱ्यावर इतके सरकलेले आहेत की त्यांवरून कुलाबा आणि माझगाव निवडून काढणे धाडसाचे. महिकावतीच्या बखरीकडे, जी वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली, वळावे तर तिचे लक्ष कुळांवर, वतनांवर आणि राजवटींवर. पाण्याची खोली मोजायला ती बसलेली नाही. १८३० च्या दशकात आर. एक्स. मर्फीने मुंबईच्या जुन्या रहिवाशांवर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच तो म्हणतो की चौदाव्या शतकात आजची मुंबई ‘दोन किंवा अधिक’ बेटांची असावी, असे मानायला कारणे आहेत. दोन किंवा अधिक! सात हा आकडा त्याच्याकडेही पक्का नाही. तो पक्का झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, टॉलेमीचा शब्द हाती धरून नकाशावर बेटे मोजली गेली तेव्हा. उधाणाच्या भरतीला टेकड्या सुट्या दिसत असतील, नाही असे नाही. पण दिवसातून दोनदा जोडल्या जाणाऱ्या जमिनीला बेट म्हणायचे की नाही, हा कूक आणि व्हाइसरॉयचाच वाद झाला.

बांधाच्या आतली जमीन कशी हाती आली याची साक्ष साहेबांच्या चरित्रांत कमी आणि महसुलाच्या दप्तरात जास्त आहे. खारातून निघालेल्या जमिनीत भात पिकवायला लोकांना हलक्या धाऱ्यावर जमिनी दिल्या गेल्या. या धाऱ्याला पोर्तुगीज वळणाने ‘फोरास’ म्हणत. पिढ्या गेल्या, शहर वाढले, भाताच्या खाचरांना इमारतीच्या जमिनीचा भाव आला आणि मालकी कोणाची हा तंटा उभा राहिला. तो मिटवायला १८५१ चा सहावा कायदा, म्हणजे मुंबईचा फोरास कायदा करावा लागला, आणि सरकारने या जमिनींवरचा आपला हक्क सोडला. कामाठीपुऱ्याजवळच्या फोरास रोडचे नाव हा या साऱ्या व्यवहाराचा उरलेला तुकडा. कोकणात खारबंदिस्ती पाहिलेल्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल: आधी बांध, मग उघाडी म्हणजे पाणी सोडायचे दार, मग काही पावसाळ्यांत मीठ धुऊन जाणे, मग भात.

ग्रोजची शंका मात्र खरी ठरली. बांधाने समुद्र बाहेर ठेवला, पण आत पडलेल्या पावसाला वाट ठेवली नाही. टेकड्यांच्या दोन रांगांमधली ही जमीन भरतीच्या पातळीहून खाली; ‘फ्लॅट्स’ म्हणून ओळखला जाणारा हा टापू एकोणिसाव्या शतकातही दलदलीचा होता. तो भरायला शहराचा केरकचरा आणून टाकत, आणि त्या दुर्गंधीच्या तक्रारी वेगळ्याच. याच सपाटीवर १८८३ मध्ये महालक्ष्मीचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आले. सातपूर-नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने निघालेला प्रवासी दादर सोडून पुढे जातो तेव्हा त्याच्या पश्चिमेला हेच जुने खाजण असते, गिरण्यांच्या आणि आता टॉवरांच्या ओझ्याखाली.

हॉर्नबीच्या बांधावरच्या रस्त्याला आज लाला लजपतराय मार्ग म्हणतात. जुन्या खिंडाराच्या परिसरात, हाजी अली आणि लव्हग्रोव्ह इथे महापालिकेची पर्जन्यजल उपसा केंद्रे आहेत. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालातल्या या योजनेला वेग आला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. भरती चढली की समुद्राकडची दारे लावून घेतात, आणि आतले पाणी पंपांनी उपसून बांधापलीकडे टाकतात.