चाळिशीनंतरची तालीम

मुदखेडास केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा तरुण जवानांची चपळाई पाहिली म्हणजे पन्नाशी उलटलेल्या आम्हां मंडळींच्या मनात दोन विचार येतात. एक, आपली वेळ टळून गेली; दुसरा, उद्यापासून आपणही शंभर बैठका काढाव्या. दोन्ही सारखेच घातक होत.

आपल्याकडील तालीम मुळात तरुणांची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे जीवन दिले. गावोगावी जोर, बैठका, मुद्गल चालले. परंतु त्या मेहनतीचा रोख बहुधा कुस्तीकडे असे. ज्यास कोणाशी लढावयाचे नाही, केवळ मांडी मोडून बसल्यावर आधारावाचून उठावयाचे आहे, अशा प्रौढाचा विचार तेथे फारसा नव्हता.

तो विचार रुजविण्यात औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा वाटा मोठा. त्यांचा जन्म १८६८ चा. १८९७ साली त्यांनी सँडोची साधने आणवून सुमारे दहा वर्षे मेहनत केली. १९०८ साली, चाळिशीत, त्यांनी सूर्यनमस्कार धरले. हा व्यायाम त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत नेला, स्त्रियांस सांगितला, आणि वयाच्या सत्तरीत, १९३८ साली, त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. १९५१ साली ते वारले, तेव्हा वय ८२ होते.

मात्र एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. चाळिशीतले बाळासाहेब नवशिके नव्हते. पाठीशी दहा वर्षांची मेहनत होती. नवशिक्याने त्यांचा नेम घ्यावा, आकडा घेऊ नये. शिवाय नमस्कारांत भार स्वतःच्या देहाचाच. तो बेताबेताने वाढविण्यास वाव थोडा.

वाढत्या भाराचे फळ बोस्टन येथील १९९० च्या प्रयोगाने दाखविले. ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांनी देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलले. शेवटपर्यंत टिकलेल्यांची त्या स्नायूंतील ताकद सरासरीने पावणेतीनपट झाली. परंतु मेहनत थांबताच चार आठवड्यांत तिचा सुमारे तिसरा हिस्सा ओसरला. तात्पर्य, वेळ टळलेली नसते. खंड मात्र परवडत नाही.

म्हणून आरंभ लहान असावा. हृदयविकार वा रक्तदाब असल्यास आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. खुर्चीवरून उठणे-बसणे ही पहिली बैठक, भिंतीस हात टेकून काढलेला तो पहिला जोर. श्वास कोंडू नये. एक दिवसाआड विश्रांती द्यावी. दहा-बारा आवर्तने सहज होऊ लागली म्हणजेच भार किंचित वाढवावा. छातीत दुखल्यास वा घेरी आल्यास तत्काळ थांबून वैद्यास गाठावे.

आम्हांस आता कोणाची पाठ मातीस लावावयाची नाही. आपली पाठ अंथरुणास लागू नये, एवढ्यासाठीच ही कुस्ती.