बोल्डन, सरीना

बोल्डन, सरीना : (३० जून १९९६ – ). फिलिपीन्सच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातील आघाडीची खेळाडू आणि जागतिक करंडक स्पर्धेत फिलिपीन्सच्या वतीने पहिला गोल नोंदविणारी फुटबॉलपटू. तिचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात सँता क्लॅरा येथे झाला आणि बालपण जवळच्याच मिल्पीटस या गावी गेले. आईच्या बाजूने ती फिलिपिनो वंशाची आहे. ज्या देशात आपण जन्मलो नाही व वाढलोही नाही, त्या मातृभूमीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंची एक पिढी विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर जागतिक फुटबॉलमध्ये पुढे आली. बोल्डनची कारकीर्द हे तिचे ठळक उदाहरण होय. या कारकिर्दीतील निर्णायक प्रसंग ३० जानेवारी २०२२ रोजी पुणे येथील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात घडला. त्यामुळे महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासातही तिच्या नावाची नोंद घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : फिलिपीन्स हा द्वीपसमूह १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या अंमलाखाली होता. या काळात फिलिपिनो मजूर हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांत व कॅलिफोर्नियातील शेतांवर गेले. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर परिचारिका, डॉक्टर व इतर सुशिक्षित वर्ग मोठ्या संख्येने तिकडे स्थायिक झाला. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या आसपासच्या नगरांत, म्हणजे बोल्डन जेथे वाढली त्या परिसरात, फिलिपिनो वस्ती दाट आहे. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत मुलींच्या फुटबॉलला मैदाने, शिक्षक व शिष्यवृत्त्या उपलब्ध असतात. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या कायद्यामुळे या सोयींची विशेष वाढ झाली. उलटपक्षी, फिलिपीन्समध्ये बास्केटबॉल हा सर्वांत लोकप्रिय खेळ असून फुटबॉल बराच काळ मागे पडलेला होता. महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा तेथे २०१६ मध्ये सुरू झाली. फुटबॉल जाणणाऱ्या मुली एका देशात आणि त्यांची गरज असलेला संघ दुसऱ्या देशात, अशी ही परिस्थिती होती.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये या परिस्थितीचा लाभ फिलिपीन्सने आधीच घेतला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेले फिल व जेम्स यंगहझबंड हे बंधू आईच्या नात्याने फिलिपीन्सकडून खेळू लागले आणि २०१० मध्ये या संघाने आग्नेय आशियाई अजिंक्यपद स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. त्यानंतर महिला संघासाठीही कॅलिफोर्नियात निवड शिबिरे भरविण्यात आली आणि फिलिपिनो वंशाच्या मुलींचा शोध पद्धतशीरपणे सुरू झाला.

नागरिकत्वाचा आधार : आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) नियमांनुसार खेळाडूजवळ संबंधित देशाचे राष्ट्रीयत्व असावे लागते. ते पुढे मिळविलेले असल्यास जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा दीर्घकालीन वास्तव्य यांपैकी एखाद्या दुव्याने ते सिद्ध करावे लागते. मात्र राष्ट्रीयत्व कोणाला द्यावयाचे, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. फिलिपीन्सच्या १९३५ च्या संविधानानुसार केवळ आई फिलिपिनो असलेल्या अपत्याला सज्ञान झाल्यावर नागरिकत्वाची स्वतंत्र निवड करावी लागे. १९७३ च्या संविधानाने ही अट काढून आई व वडील यांना समान स्थान दिले आणि १९८७ च्या संविधानाने तीच तरतूद कायम ठेवली. २००३ च्या एका कायद्याने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारलेल्या जन्मजात फिलिपिनोंना आपले मूळ नागरिकत्व परत मिळविण्याची मुभा दिली. अमेरिकेचे पारपत्र जवळ ठेवूनही आईच्या देशाचा गणवेश अंगावर घालता येण्याची वाट अशा रीतीने मोकळी झाली होती.

कारकीर्द : बोल्डन लॉस अँजेल्स येथील लॉयोला मॅरिमाउंट विद्यापीठाच्या संघातून खेळली. जॉर्डनमध्ये भरलेल्या २०१८ च्या आशियाई करंडक स्पर्धेत ती फिलिपीन्सच्या संघात होती. या स्पर्धेत पाचवे स्थान मिळविणाऱ्या संघालाही जागतिक करंडक स्पर्धेत प्रवेश मिळणार होता. परंतु त्या स्थानासाठी झालेल्या सामन्यात दक्षिण कोरियाने फिलिपीन्सचा ५–० असा पराभव केला. व्यावसायिक खेळाडू म्हणून ती जपानमध्ये साइतामा येथील एल्फेन संघाकडून व नंतर ऑस्ट्रेलियात वेस्टर्न सिडनी वाँडरर्स आणि न्यूकॅसल जेट्स या संघांकडून खेळली. उंच चेंडूवर डोक्याने प्रहार करण्याचे कौशल्य आणि प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीवर सतत दडपण ठेवण्याची चिकाटी ही तिच्या खेळाची वैशिष्ट्ये मानली जातात.

ताश्कंद येथे सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या पात्रता फेरीत नेपाळ व हाँगकाँग यांना प्रत्येकी २–१ असे हरवून फिलिपीन्सने पुढील आशियाई करंडक स्पर्धेत प्रवेश मिळविला. त्यानंतर ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक ॲलन स्टायचिच यांच्याकडे संघाची सूत्रे आली. ही स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. गटसामन्यांत फिलिपीन्सने थायलंडला १–० व इंडोनेशियाला ६–० असे हरविले, तर ऑस्ट्रेलियाकडून ०–४ असा पराभव पत्करला.

उपउपांत्य सामना बालेवाडी येथे चिनी तैपेई या संघाशी झाला. उपांत्य फेरी गाठणारा संघ जागतिक करंडकासाठी थेट पात्र ठरणार असल्यामुळे या सामन्याला असाधारण महत्त्व होते. क्विन्ली केसाडा हिने फिलिपीन्सला आघाडी मिळवून दिली, परंतु नंतर चिनी तैपेईने बरोबरी साधली. निकाल पेनल्टी फटक्यांवर लागला. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनिएल हिने प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडविले आणि स्वतः एक फटका यशस्वी केला. शेवटचा निर्णायक फटका बोल्डनने गोलात धाडला व फिलिपीन्सने ४–३ असा विजय मिळविला. फिलिपीन्सचा पुरुषांचा वा महिलांचा संघ जागतिक करंडक फुटबॉल स्पर्धेस पात्र ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच मैदानावर ३ फेब्रुवारी रोजी उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाने फिलिपीन्सला २–० असे हरविले. त्याच वर्षी जुलैमध्ये मनिला येथे झालेल्या आग्नेय आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात थायलंडवर ३–० असा विजय मिळवून फिलिपीन्सने हे विजेतेपद प्रथमच पटकाविले. यातील तिसरा गोल बोल्डनचा होता.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे २०२३ मध्ये भरलेल्या जागतिक करंडक स्पर्धेतील पहिल्या सामन्यात फिलिपीन्स स्वित्झर्लंडकडून ०–२ असा पराभूत झाला. दुसरा सामना २५ जुलै रोजी वेलिंग्टन येथे यजमान न्यूझीलंडशी होता. जागतिक क्रमवारीत न्यूझीलंड २६ व्या, तर फिलिपीन्स ४६ व्या स्थानावर होता. २४ व्या मिनिटाला सारा एगेसविक हिने दिलेल्या चेंडूवर बोल्डनने डोक्याने गोल केला आणि त्या एकमेव गोलावर फिलिपीन्सने सामना जिंकला. पुढील सामन्यात नॉर्वेने ६–० असा विजय मिळविल्यामुळे संघाची वाटचाल गटसाखळीतच संपली, तरी पदार्पणातच एक विजय त्याच्या नावे जमा झाला.

वाद व मूल्यमापन : त्या संघातील बहुतेक खेळाडू परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, जन्मलेल्या होत्या. त्यामुळे या यशाचे श्रेय फिलिपीन्सच्या फुटबॉलला कितपत द्यावे, असा प्रश्न उपस्थित केला जातो. तयार खेळाडू बाहेरून मिळू लागल्यास देशातील मैदाने व शाळा यांकडे दुर्लक्ष होते, हा आक्षेप निराधार नाही. दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाते, की स्थलांतर हा फिलिपिनो समाजजीवनाचा अविभाज्य भाग असल्याने परदेशी वाढलेली मुले त्या समाजाबाहेरची ठरत नाहीत. शिवाय राष्ट्रीय संघाच्या विजयामुळे मायदेशातील मुलींना अनुकरणीय आदर्श मिळतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. वंशाधारित निवडीने अल्पावधीत संघ उभा राहतो, परंतु तो टिकवून धरण्यासाठी स्थानिक साखळी स्पर्धांचाच आधार लागतो.

भारतीय संदर्भ : ज्या स्पर्धेने बोल्डनला कीर्ती मिळवून दिली, तिचा यजमान असलेल्या भारताच्या वाट्याला निराशा आली. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यानंतर कोविडच्या संसर्गामुळे पुरेशा खेळाडू उपलब्ध झाल्या नाहीत आणि संघाला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. एकेकाळी चित्र वेगळे होते. १९८० मध्ये कोझिकोडे येथे व १९८३ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या होत्या.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंबाबत भारताचे धोरण फिलिपीन्सच्या नेमके विरुद्ध आहे. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ९ व १९५५ चा नागरिकत्व अधिनियम यांनुसार दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) या नावाची नोंदणी ही प्रत्यक्षात नागरिकत्व नसून प्रवास, वास्तव्य व काही आर्थिक व्यवहार यांपुरती सवलत आहे. २००८ च्या अखेरीस केंद्र शासनाने भारतीय पारपत्रधारकांनाच राष्ट्रीय संघात घेण्याचा निर्णय केला. त्याचा फटका टेनिसमधील प्रकाश अमृतराज व सुनीता राव यांना बसला. दिल्लीच्या तन्वी हंस या टॉटनहॅम व फुलम या इंग्लिश क्लबांच्या महिला संघांतून खेळल्या. तथापि ब्रिटिश पारपत्रामुळे त्यांना भारताच्या संघात स्थान मिळू शकले नाही. जपानी माता व गुजराती पिता यांचा पुत्र अराता इझुमी हा पुणे एफसी या संघाकडून बालेवाडीच्याच मैदानावर खेळत असे. त्याने जपानी नागरिकत्वाचा त्याग करून भारतीय नागरिकत्व स्वीकारले व २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. मुंबईत जन्मलेल्या मातेचा पुत्र रायन विल्यम्स याने २०२५ मध्ये याच हेतूने ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडले.

या भेदाचा अर्थ महाराष्ट्रापुरता सहज स्पष्ट करता येतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतून कामधंद्यासाठी मुंबईस जाण्याची परंपरा जुनी आहे आणि पुढील पिढ्यांनी परदेशही गाठला. अशा एखाद्या कुटुंबातील, कॅलिफोर्नियात जन्मून तेथील नागरिक म्हणून वाढलेल्या मुलीचे भावनिक नाते बोल्डनच्या नात्यासारखेच असू शकेल. परंतु भारतासाठी खेळावयाचे, तर तिला पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असणे, एक वर्ष भारतात वास्तव्य करणे व अमेरिकेचे नागरिकत्व सोडणे अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतील. खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकीच असल्याने ही वाट फार थोड्यांनाच परवडणारी आहे. दुसरीकडे, देशांतच घडलेल्या खेळाडूंच्या बळावर भारतीय महिला संघाने जुलै २०२५ मध्ये चिआंग माई येथे थायलंडला २–१ असे हरवून आशियाई करंडकाची पात्रता मिळविली, हेही लक्षात घ्यावयास हवे.

मातृभूमीशी असलेले नाते रक्ताने ठरावे की पारपत्राने, या प्रश्नाला दोन आशियाई देशांनी दिलेली भिन्न उत्तरे बालेवाडीच्या एकाच मैदानावर पाहावयास मिळाली. बोल्डनच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या गोलांच्या संख्येपेक्षा या प्रश्नावर तिने टाकलेल्या प्रकाशात अधिक आहे.