नाम आणि नाऊन: कोपरगावच्या वाड्यापासून शाळेच्या फळ्यापर्यंत

१/
नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. या जोड्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केल्या. पण त्या जुळवल्या कुणी? कोणत्या मापाने? आणि यांतील कोणत्या जोड्या मुळातच पुरत्या जुळत नाहीत? आजचा थ्रेड या प्रश्नांवर.

२/
सुरुवात कोपरगावपासून करू. १७७५ मध्ये पेशवेपदासाठी रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. त्यातून इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर त्यांना तनखा घेऊन गोदावरीकाठच्या कोपरगावी राहावे लागले. तेथेच १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा वाडा आजही गावाची ओळख आहे.

३/
घरच्या कलहातून कंपनीला मराठी राजकारणात वाट मिळाली, आणि राजकारणामागोमाग भाषेची गरज आली. तह लिहायचे, पत्रे वाचायची, पुढे महसूल गोळा करायचा, तर मराठी यायला हवी. परकी भाषा शिकणाऱ्याला पहिली निकड असते व्याकरणाची. म्हणून मराठीच्या छापील व्याकरणांचा आरंभीचा वाचक मराठी माणूस नव्हता.

४/
कलकत्त्याला १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवत. मराठी शिकवण्याचे काम विल्यम कॅरीकडे होते. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने केलेले मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. हे श्रीरामपूर म्हणजे कोपरगावशेजारचे नव्हे, बंगालमधील, हुगळीकाठचे.

५/
कॅरीच्याही आधी हा उद्योग पाद्र्यांनी केला होता. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने पोर्तुगीजमधून लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये रोमला निघाले. त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे की ही निजामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांतील बोली. अहमदनगरची निजामशाही बुडून तेव्हा १४२ वर्षे झाली होती!

६/
मग आपण स्वतः मराठीचा असा विचार कधी केलाच नव्हता का? केला होता. महानुभाव पंथातील पंडित भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठी व्याकरणविचाराचे फार जुने उदाहरण. चक्रधरस्वामींच्या वचनांचा अर्थ नेमका लावावा, हा त्यामागचा हेतू. परक्याला भाषा शिकवणे हे त्याचे प्रयोजन नव्हते. पण हा ग्रंथ पंथाच्या पोथ्यांतच राहिला. शाळेपर्यंत आला नाही.

७/
आता इंग्रजीकडे वळू. शब्दांच्या आठ जाती ही कल्पना इंग्रजांचीही नव्हे. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक वैयाकरणांनी आठ जाती मानल्या. त्यांच्या यादीत आर्टिकल होते. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. तेव्हा आठाचा आकडा राखण्यासाठी रोमन पंडितांनी उद्गारवाचक शब्दांची निराळी जात केली. इंग्रजीने तो साचा लॅटिनकडून घेतला. म्हणजे साचा उसना घेणे आणि तो आपल्या भाषेला बसवताना ओढाताण होणे, हे युरोपातही घडले होते.

८/
या इंग्रजी परंपरेतील सर्वांत गाजलेले शालेय पुस्तक लिंडले मरे यांचे. मरे जन्माने अमेरिकी. इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेले. तेथील एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी लिहिलेले इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर पसरले. ते मुंबईलाही पोहोचले.

९/
१८१८ मध्ये पेशवाई गेली. मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, मराठी शाळा निघू लागल्या. आता व्याकरण मराठी मुलांसाठी हवे होते. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. समोर नमुना होता मरे यांचा. पुढे लोक दादोबांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणू लागले.

१०/
येथे एक गंमत पाहा. यास्काने शब्दांचे चार वर्ग मानले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनच प्रकारची पदे मानली: सुबन्त आणि तिङन्त. आठ जातींचा साचा संस्कृतचा नाहीच. मात्र नाम, सर्वनाम, विशेषण, अव्यय या संज्ञा संस्कृतच्या. म्हणजे खण विलायती, खणांवरच्या चिठ्ठ्या संस्कृत, आणि आत भरायचा माल मराठी.

११/
हा माल भरताना मराठी वैयाकरणांनी डोके गहाण ठेवले नाही, याचा उत्तम पुरावा म्हणजे प्रिपोझिशन. या शब्दाचा मूळ अर्थच ‘पुढे ठेवलेला’. इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो. मराठीत मात्र ‘नदीजवळ’, ‘वाड्यासमोर’, ‘पुलाखाली’ असे म्हणतात. शब्द नामाच्या नंतर येतो आणि त्याला जोडून लिहिला जातो. शब्दशः भाषांतर केले असते तर संज्ञा खोटी ठरली असती. म्हणून ‘शब्दयोगी’: शब्दाशी योग पावणारे.

१२/
दुसरा पुरावा आर्टिकलचा. मरे यांनी इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती मोजल्या, पहिली आर्टिकल. मराठीत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखे शब्द नाहीत. तो खण मराठी व्याकरणाने सरळ काढून टाकला. उरल्या आठ: चार विकारी, चार अविकारी. आज स्पर्धा परीक्षांना बसणारे आठाचा आकडा घोकतात. त्यामागे हा हिशेब आहे.

१३/
पण सर्वच ठिकाणी असा मोकळेपणा दिसत नाही. विभक्ती पाहा. द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’, चतुर्थीचेही ‘स, ला, ते’. रूप एकच, नावे दोन! संस्कृतात या दोन विभक्तींची रूपे सामान्यतः वेगळी असतात, म्हणून दोन कोष्टके लागतात. मराठीत ती परंपरेने आली. येथे माप इंग्रजीचे नव्हते, संस्कृतचे होते. आणि तेही पुरते बसले नाही.

१४/
सर्वांत फसवी जोडी प्रयोगांची. ‘सगुणाने पेरू खाल्ला’, ‘सगुणाने भाकरी खाल्ली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलले, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. पण याच वाक्याचे साधे इंग्रजी भाषांतर ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये होते. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असे पाठ करणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. शिवाय ‘शिक्षकांनी मुलांना शिकवले’ हा भावे प्रयोग. त्याला तर इंग्रजीत जोडीदारच नाही.

१५/
विरामचिन्हांची गोष्ट निराळी. जुन्या मोडी पत्रांत ओळ सलग धावते. आज आपण लिहितो तशी चिन्हे त्यांत नसतात. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची पद्धत मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या कोशातही त्यांचा मोठा सहभाग होता. चिन्हे इंग्रजी, नावे संस्कृत घडणीची, आणि सवय मात्र आता आपली.

१६/
साहित्याच्या संज्ञांत आपली शिदोरी भरलेली होती. ‘गोदावरी आईसारखी आहे’ ही उपमा, इंग्रजीत सिमिली. ‘गोदावरी ही आईच’ हे रूपक, मेटाफर. पण ‘गोदावरी जणू आईच’ ही उत्प्रेक्षा. हिच्यासाठी इंग्रजी शाळेत वेगळे नाव शिकवत नाहीत. येथे आपले कोष्टक अधिक बारीक आहे. म्हणजे जोडी दोन्ही बाजूंनी अपुरी पडू शकते.

१७/
हे अपुरेपण जुन्या मंडळींनाही जाणवले होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक निर्णयांची झाडाझडती घेतली. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. त्यांनी पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली. वाद व्यक्तींचा नव्हता. मराठीला मोजायचे कशाने: इंग्रजीने, संस्कृतने, की मराठीनेच? हा तो वाद होता, आणि तो आजही मिटलेला नाही.

१८/
दादोबांचा आपल्या जिल्ह्याशीही संबंध आला. ते पुढे अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर होते. याच शहरात १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले होते. छापील मराठी घडत होती, तिचे नियम ठरत होते, आणि ते ठरवणारी माणसे शाळा, कचेरी व छापखाना या तिन्ही ठिकाणी वावरत होती.

१९/
आज कोपरगावातला सेमी इंग्रजीचा विद्यार्थी एका तासाला ‘क्रियाविशेषण’ शिकतो, दुसऱ्या तासाला ‘ॲडव्हर्ब’. त्याला ही दोन ओझी वाटतात. त्याला इतकेच सांगावे: संज्ञा पाठ करण्याआधी शब्द वाक्यात काय काम करतो ते पाहा. काम कळले की दोन्ही नावे आपोआप लक्षात राहतात. आणि जेथे काम जुळत नाही, तेथे भाषांतर करताना सावध राहता येते.

२०/
कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे आणि कचेश्वराचे मंदिर आहे. देवांच्या पक्षाचा कच असुरांच्या गुरूकडे राहिला, संजीवनी विद्या शिकला आणि ती घेऊन आपल्या लोकांत परतला, ही कथा गावकरी आजही सांगतात. १८३६ मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाने राज्यकर्त्यांच्या भाषेचे व्याकरण अभ्यासून आपल्या भाषेला शाळेत उभे केले. विद्या दुसऱ्याकडून आणण्यात उणेपणा नाही. ती आणल्यावर आपल्या भाषेशी ताडून पाहिली नाही, तर मात्र आहे.