नगरसंगीताचा अभ्यास : व्हिएन्नाच्या आधारे

‘नगराचे संगीत’ हा शब्दप्रयोग दोन भिन्न अर्थांनी केला जातो. पहिल्या अर्थाने तो त्या नगरात निर्माण झालेल्या रचनांचा समुच्चय होय. दुसऱ्या अर्थाने ती एक व्यवस्था होय : संगीत कोण करवून घेतो, त्याचे पैसे कोण देतो, ते कोठे बसून ऐकले जाते आणि मागाहून कोण जतन करतो, यांची मिळून होणारी व्यवस्था. पहिल्या अर्थाला येथे ‘रचनासंग्रह’ व दुसऱ्याला ‘संगीतजीवन’ म्हटले आहे. संगीतजीवनाचे कालक्रमाने होणारे रूपांतर म्हणजे नगराचा ‘संगीतेतिहास’. रचनासंग्रहाच्या अभ्यासासाठी नगरात जाण्याचे कारण नाही. छापील स्वरलेखन आणि ध्वनिमुद्रण पुण्यात बसूनही मिळते. संगीतजीवन मात्र तेथे काही काळ राहिल्यावाचून कळत नाही. परदेशी जाऊन अशा अभ्यासात वर्ष घालवण्याचे समर्थन याच भेदावर उभे आहे. जो विद्यार्थी तेथे जाऊनही केवळ रचनाच अभ्यासतो, त्याने प्रवासखर्च वाया घालवला असे म्हणावे लागेल.

उदाहरणासाठी व्हिएन्ना घेतले आहे. मोझार्ट, बेथोव्हन, शूबर्ट तेथे राहिले हे त्याचे गौण कारण. मुख्य कारण असे की, या अभ्यासशास्त्राची मांडणी ज्याने केली तो गुइडो आडलर याच नगरात शिकला आणि 1898 मध्ये संगीतसमीक्षक हान्सलिकच्या जागी तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाला. 1885 च्या निबंधात त्याने संगीतशास्त्राचे ऐतिहासिक आणि व्यवस्थात्मक असे दोन विभाग केले. संगीतसंस्था आणि कार्यक्रम यांची गणना त्याने ऐतिहासिक विभागाच्या साहाय्यक शास्त्रांत, म्हणजे कोष्टकाच्या तळाशी ठेवली. रचनेच्या इतिहासासाठी ते स्थान योग्यच आहे. परंतु विषय नगर असेल तर हा क्रम उलटतो आणि साहाय्यक शास्त्र मुख्य होते. प्रस्तुत विवेचनाचा पक्ष एवढाच आहे : नगराच्या संगीतजीवनात निर्णायक घटक श्रोता असून रचनाकार हा त्या व्यवस्थेतील एक पक्षकार होय.

श्रोत्याचे वर्गीकरण आश्रयाच्या प्रकारांवरून करता येते. व्हिएन्नात असे पाच प्रकार आढळतात : राजाश्रय, सरदाराश्रय, संस्थाश्रय, बाजाराश्रय आणि राज्याश्रय. यांतील पहिल्या व पाचव्यातील भेद ध्यानात ठेवावा. राजाश्रय सम्राटाच्या खाजगी इच्छेवर चालतो, तर राज्याश्रय करदात्याच्या पैशावर.

राजाश्रयाचा आरंभ 1498 मध्ये पहिल्या माक्सिमिलियानने नेमलेल्या दरबारी गायकवृंदापासून मानतात. 1918 मध्ये साम्राज्य गेले तेव्हा हा आश्रय संपला. बालगायकांचा वृंद 1924 मध्ये खाजगी संस्था म्हणून पुन्हा उभा राहिला. राजवाड्याच्या चॅपेलमधील रविवारची प्रार्थना आजही संगीतासह होते. पण ती ऐकणारे आता तिकीट घेऊन बसतात. विधी तोच राहिला आणि श्रोता पालटला. आश्रय पालटल्याची खूण रचनेत न शोधता आसनात शोधावी, हे या साध्या निरीक्षणावरून कळते.

सरदाराश्रय अधिक सूक्ष्मपणे पाहिला पाहिजे, कारण त्याचा अंत कागदोपत्री दाखवता येतो. 1809 मध्ये आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लोबकोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की या तिघांनी बेथोव्हनला वर्षाला 4000 फ्लोरिन देण्याचा करार केला : रुडॉल्फचे 1500, लोबकोविट्झचे 700, किन्स्कीचे 1800. अट एकच, त्याने ऑस्ट्रियात राहावे. करार उदार होता, परंतु चलन टिकले नाही. 1811 च्या सरकारी फर्मानाने कागदी चलनाचे मूल्य पाचव्या हिश्श्यावर आले. पुढच्याच वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला आणि लोबकोविट्झची मालमत्ता अडचणीत आली. बेथोव्हनला आपल्या हक्काच्या रकमेसाठी वारसांशी झगडावे लागले. येथे सरदारांच्या रसिकतेत काही उणे नव्हते. ज्या जमीनजुमल्यावर आणि चलनावर ती रसिकता उभी होती, त्याचाच पाया खचला. रचनेच्या इतिहासाच्या पुस्तकांत या फर्मानाला एखादे वाक्य मिळते. नगराच्या इतिहासात त्याला प्रकरण मिळायला हवे.

संस्थाश्रयाचा जन्म याच सुमारास, 1812 मध्ये झाला. त्या वर्षी ‘संगीतमित्र मंडळ’ स्थापन झाले. त्याने 1817 मध्ये संगीतविद्यालय काढले, ग्रंथ व हस्तलिखिते जमवली आणि 6 जानेवारी 1870 रोजी थेओफिल हान्सेनने बांधलेल्या आपल्या वास्तूत, म्हणजे आजच्या म्यूझिकफेराइनमध्ये, प्रवेश केला. ही जागा मिळाली ती 1857 च्या राजाज्ञेने नगराचा जुना तट पाडण्याचे ठरले म्हणून. तट गेला, त्या पट्ट्यात रुंद मार्ग आला आणि त्याच्या कडेला मध्यमवर्गाने आपले सभागृह बांधले. 1842 मध्ये निघालेला फिलहार्मोनिक वाद्यवृंद या वर्गातील विलक्षण उदाहरण होय. त्याचे वादक ऑपेराच्या नोकरीतले, म्हणजे आधी राजाच्या व नंतर राज्याच्या पगारावरचे. परंतु वाद्यवृंद म्हणून ते स्वतःच आपल्या संस्थेचे मालक आणि चालक. एकाच माणसाच्या ठायी दोन आश्रय नांदतात. वर्ग आखताना त्यांच्या सीमा अभेद्य मानू नयेत, हे सांगायला याहून चांगला पुरावा नको.

बाजाराश्रयाचे जुने रूप ‘अकादमी’ हे होते : रचनाकार स्वतः नाट्यगृह मिळवी, वादक जमवी आणि तिकीटविक्रीचा धोका पत्करी. बेथोव्हनच्या 22 डिसेंबर 1808 च्या प्रसिद्ध अकादमीत पाचवी आणि सहावी सिंफनी, चौथा पियानो कन्सर्टो आणि आणखी बरेच काही एकाच संध्याकाळी झाले. कार्यक्रम सुमारे चार तास चालला, नाट्यगृह गारठलेले होते आणि सराव अपुरा होता. पुढे याच बाजाराने ऑपेरेटा घडवला. त्याच टेआटर आन डेअर वीन नाट्यगृहात 1874 मध्ये योहान श्ट्राउसचा ‘डी फ्लेडरमाउस’ आणि 1905 मध्ये लेहारचा ‘डी लुस्टिगे विट्वे’ प्रथम रंगला. आज जुन्या शहरातील चौकांत मोझार्टचा टोप आणि लाल कोट घालून तिकिटे विकणारे तरुण दिसतात. त्यांना पाहून नाक मुरडण्याची गरज नाही. बाजाराश्रयाची परंपरा तेच प्रामाणिकपणे चालवत आहेत.

राज्याश्रयाचे उदाहरण, ऑपेरातील वादकांचा पगार, वर आलेच आहे. हे प्रकार कालाच्या पायऱ्या नव्हेत. ते एकाच वेळी नांदतात. बेथोव्हनची तिसरी सिंफनी 1804 मध्ये लोबकोविट्झच्या वाड्यात वाजली आणि 7 एप्रिल 1805 रोजी सार्वजनिक नाट्यगृहात. कृती तीच असता श्रोता बदलला की घटना बदलते. याचे निर्णायक उदाहरण त्याच वर्षीचे आहे. 13 नोव्हेंबर 1805 रोजी फ्रेंच सैन्य व्हिएन्नात शिरले. बेथोव्हनच्या ऑपेराचा, पुढे ‘फिडेलिओ’ म्हणून ख्यात झालेल्या कृतीचा, पहिला प्रयोग 20 नोव्हेंबरला झाला. ज्यांच्यासाठी ती रचली होती ते सरदार व धनिक नगर सोडून गेले होते आणि प्रेक्षागारात फ्रेंच अधिकारी बसले होते. तीन प्रयोगांनंतर ती उतरवावी लागली. कृतीत दोष होते आणि ते बेथोव्हनने मागाहून सुधारलेही. परंतु केवळ दोषांवरून त्या अपयशाची उपपत्ती लागत नाही. रिकाम्या आसनांचाही हिशेब मांडावा लागतो.

आता साधनांकडे वळू. ती चार प्रकारची : लिखित, वास्तुरूप, नादरूप आणि आचाररूप.

लिखित साधनांत प्रमाणाचा प्रश्न प्रथम येतो. तिसऱ्या सिंफनीच्या समर्पणाची कथा सर्वश्रुत आहे. नेपोलियन सम्राट झाल्याचे कळताच बेथोव्हनने मुखपृष्ठ फाडून जमिनीवर फेकले, अशी साक्ष त्याचा शिष्य फेर्डिनांड रीस देतो. रीसने सांगितलेली प्रत आज उपलब्ध नाही. संगीतमित्र मंडळाच्या संग्रहात आहे ती नकलनविसाची प्रत. तिच्या मुखपृष्ठावर बोनापार्टचा उल्लेख इतक्या जोराने खरवडला आहे की कागदाला भोक पडले आहे. त्याच पृष्ठावर खाली बेथोव्हनच्या हाताने पेन्सिलीत, ही कृती बोनापार्टवर लिहिली आहे, अशा अर्थाची नोंदही आहे. शिवाय ऑगस्ट 1804 मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो कृतीचे खरे नाव ‘बोनापार्ट’ हेच सांगतो. म्हणजे कथा एका क्षणाचा संताप सांगते, तर कागद दीर्घकाळ चाललेली द्विधा सांगतो. या दोहोंत कागदाला अधिक प्रमाण मानावे. पण कागदही सुरक्षित असतो असे नाही. मोझार्टच्या ‘रेक्विएम’चे हस्तलिखित 1958 च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात मांडले असता कोणीतरी एका पानाचा कोपरा फाडून नेला, त्यावर मोझार्टने लिहिलेली शेवटची अक्षरे असावीत, असा तर्क आहे. तो तुकडा परत मिळाला नाही. मूळ हस्तलिखित अभ्यासकाच्या हाती देण्यास ग्रंथपाल नाखूश असतात, त्याचे कारण अशा घटनांत आहे.

वास्तुरूप साधनांपैकी म्यूझिकफेराइनचे सुवर्ण सभागृह 48.8 मीटर लांब, 19.1 मीटर रुंद आणि 17.75 मीटर उंच आहे. अरुंद, उंच आणि आयताकार. सभागृहातील नाद गणिताने आखण्याचे शास्त्र सिद्ध होण्यापूर्वी ते बांधले गेले. नादरूप साधनांत वाद्ये येतात. व्हिएन्नाचा हॉर्न अजूनही एफ स्वराचा, लांब नळीचा आणि जोडदट्ट्यांच्या जुन्या झडपांचा आहे. ओबोही फ्रेंच पद्धतीहून निराळा. विरामाच्या मात्रांत हॉर्नवादक नळी काढून, उलटी करून पाणी झटकतात, हे पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसते. ही वाद्ये वाजवायला कठीण, चुकायला सोपी. तरी टिकली, कारण श्रोत्याच्या कानाला त्यांचीच सवय आहे.

आचाररूप साधन दुर्लक्षित राहते, आणि परदेशी विद्यार्थ्याला नेमके तेच स्वस्तात लाभते. ऑपेरात उभ्याने ऐकण्याच्या जागा आहेत. तेथे जागा धरायची रीत अशी : रांगेतून आत गेल्यावर समोरच्या कठड्याला रुमाल किंवा गळपट्टा बांधायचा आणि मग निर्धास्तपणे बाहेर जायचे. बांधलेला गळपट्टा कोणी सोडत नाही. बाजूला उभे असलेले वृद्ध गृहस्थ मध्यंतरात आजच्या गायिकेची तुलना चाळीस वर्षांपूर्वीच्या गायिकेशी करतात आणि सहसा आजची हरते. या संभाषणांतून नगराची संगीतस्मृती कळते. मात्र ती स्मृती आहे, इतिहास नव्हे, हे विसरू नये.

अभ्यासाचा क्रम यावरून ठरतो. प्रथम लिपी. जुनी वृत्तपत्रे टोकदार जर्मन टंकात आणि पत्रे जुन्या कुरेंट हस्ताक्षरात आहेत. मोडी न शिकता पेशवे दफ्तरात शिरणाऱ्याची जी गत, तीच येथेही होते. नंतर कालखंडाचा संकोच. दोनशे वर्षांचा इतिहास एका वर्षात वाचता येत नाही. म्हणून एकच हंगाम घ्यावा, राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकीय रूपात खुली केलेली वृत्तपत्रे रोजच्या रोज चाळावीत आणि जाहिरात, भाव, परीक्षण अशी टिपणे ठेवावीत. श्रवण त्यानंतर. ग्रंथालय बंद झाल्यावर सभागृह उघडते, त्यामुळे दोहोंचा विरोध येत नाही.

या क्रमात अखेरीस, पण अनिवार्यपणे, अभावाचा अभ्यास येतो. 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच यहुदी वादकांना फिलहार्मोनिकमधून काढले गेले. काही छळछावण्यांत मेले. 1942 मध्ये 123 वादकांपैकी 60 नाझी पक्षाचे सदस्य होते. जगभर दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या नववर्षाच्या संगीतसभेचा उगमही 1939 च्या डिसेंबरातील आहे. स्वतः आडलर 1941 मध्ये व्हिएन्नातच वारला. त्याचे ग्रंथालय बळकावले गेले आणि कन्या मेलानी 1942 मध्ये मारली गेली. संगीतशास्त्राची मांडणी करणाऱ्याचीच पुस्तके लुटीचा माल झाली. संग्रहातील प्रत्येक वस्तूविषयी ती येथे कशी आली हे विचारावे, याला आणखी कारण शोधण्याची गरज नाही.

उरला तुलनेचा प्रश्न. मराठी विद्यार्थ्याला आपली नगरे आठवणारच. मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने गायन उत्तेजक मंडळी 1870 मध्ये, म्हणजे म्यूझिकफेराइनच्या वास्तूच्या वर्षीच निघाली. पुणे गायन समाज 1874 चा. कालसाम्यावरून कार्यकारण काढू नये. तुलना कार्याची करावी : नागरिकांनी संगीत दरबाराबाहेर आणून सभासदत्वाच्या आधारावर उभे करणे. हे कार्य दोन्हीकडे झाले. भेद असा की व्हिएन्नाच्या मंडळाने हस्तलिखिते जमवली, कारण तेथील परंपरा कागदावर होती. आपली गळ्यात होती. म्हणून तेथील साधनशास्त्र जसेच्या तसे येथे लागू पडत नाही.

उलट दिशेचा एक प्रवास मात्र व्हिएन्नाच्या दप्तरातच आहे. तेथील विज्ञान अकादमीचे ध्वनिसंग्रहालय 1899 चे, या प्रकारचे जगातील पहिले. त्याच्यासाठी फेलिक्स एक्सनर याने 1904-05 मध्ये भारतात ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांच्या आधारे एर्विन फेल्बरने 1912 मध्ये वैदिक व अभिजात भारतीय संगीतावर प्रबंध प्रसिद्ध केला. पठणातील स्वर त्याने युरोपीय पाच ओळींवर मांडले आहेत. मुद्रण आणि मांडणी शेजारी ठेवून कोठे कान चुकला आणि कोठे लिपी अपुरी पडली, हे ठरवण्यास ज्याच्या कानावर लहानपणापासून मंत्रपठण पडले आहे असा विद्यार्थी अधिक योग्य आहे. व्हिएन्नात असताना हे काम त्याने प्रथम हाती घ्यावे.