कुऱ्हाडीचा दांडा आणि भंडारदऱ्याचे रान

१/ ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण सर्वश्रुत आहे. पण तो दांडा कोणत्या झाडाचा? सह्याद्रीत यासाठी धामण हा वृक्ष नावाजलेला. त्याचे लाकूड चिवट नि लवचीक. घावाचा हादरा सोसते, सहजी तडकत नाही.

२/ भंडारदरा परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजांना पाते लोहाराकडून मिळे. मूठ आणि दांडा मात्र रानातला.

३/ १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात विनापरवाना वृक्षतोड हा गुन्हा ठरवला. म्हणीत दोष दांड्याचा होता. आता तो दांडा आणणाऱ्यावर आला. १९२७ च्या कायद्यातही ही बंदी राहिली. १९८६ मध्ये येथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले.

४/ २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी मान्य केली. त्यात बांबू आहे. दांड्याचे कठीण लाकूड नाही.